गेनबाने पारखलेली बोट

बोट घ्यायची ठरली तेव्हा बाळाबाईने एकच अट घातली होती. आपला गुडघा कामातून गेलाय, तेव्हा कुणाचा हात न धरता तीत चढता आलं पाहिजे, आणि पल्याड गेल्यावर उतरता आलं पाहिजे. बाकी बोट काळी असो नाहीतर गोरी, तिला काही देणंघेणं नव्हतं. एवढी सरळ अट ऐकून घरातले बाप्ये भराभरा माना हलवायला लागले, तिथंच खरं तर तिने ओळखायला हवं होतं. हे लोक माना हलवतात तेव्हा ऐकत नसतात, हे इतकी वर्षं त्यांना भाकऱ्या थापून घातल्यावर तरी कळायला नको?

उंबरवाडी भोर तालुक्यात, भाटघर धरणाच्या पाण्याच्या काठाला. दारात उभं राहिलं की समोर पाणी, आणि पाण्याच्या पल्याड डोंगराच्या पोटाशी चार घरं. त्यातलं कडेचं घर बयाबाईचं, म्हणजे बाळाबाईच्या धाकट्या बहिणीचं. बापाने दोघींना एकाच पाण्याच्या दोन काठांना दिलं होतं, लेकी एकमेकींच्या नजरेसमोर राहतील म्हणून. कसली नजर अन् कसलं काय! सकाळी बयाच्या चुलीचा धूर दिसायचा आणि दिवेलागणीला दारातला दिवा. लाँच चालत होती तोवर सणावाराला जाणंयेणं तरी होतं. लाँचवाला म्हातारा वारला, त्याच्या पोराने लाँच भंगारात घातली आणि तेही तुटलं. पल्याडच्या वाडीला रस्ता नाही. वेल्ह्याच्या अंगाने गाडीने जायचं आणि पुढे खिंड चढून उतरायची, हा एकच मार्ग. बाळाबाईचा गुडघा घरचा उंबरा ओलांडताना बोंब मारतो, तो खिंड काय चढणार? मासे धरणारी पोरं ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबवर बसून पाण्यात हिंडतात. त्यातला एक जण एकदा म्हणाला, "आज्जे, बस की माज्या मागं, सोडतो पल्याड." बाळाबाईने त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता.

यंदाच्या उन्हाळ्यात बयाला काचबिंदू निघाला. एक डोळा आधीच गेला होता, दुसऱ्याची नजर कडेकडेने मिटत चालली होती. तिच्या पोराने, माउलीने, तिला धरून धरून खिंडीतून नेलं आणि नसरापूरच्या डॉक्टरला दाखवलं. गेलेली नजर परत यायची नाही, डॉक्टर म्हणाला, राहिलेली किती टिकेल ते सांगता येत नाही, थेंब घालत राहा. येताना बया खिंडीत पडली, कपाळ फोडून घेतलं, आणि यापुढं घराबाहेर पाऊल टाकायचं नाही म्हणून हटून बसली. मग तिचा फोन आला.

"आक्के, मला आता मधलं तेवढं दिसतंय बग. समोर माणूस आलं तर तोंड कळतंय. तू येऊन जा. तुजं तोंड एकदा बगून घेते, मग जाऊ दे ती नजर जायची तिकडं."

बाळाबाई फोन हातात धरून तशीच पडवीत बसून राहिली. तिला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून राग आला. संध्याकाळी तिने जाहीर करून टाकलं, "माजी शेरडं इका आन् बोट आणा." शेरडं तिची स्वतःची, तिने पिलापासून वाढवलेली. त्यामुळे नाही म्हणायची कुणाची टाप नव्हती. शेरडं विकून जेवढं हातात येईल तेवढ्यातच बोट बसवायची होती, म्हणजे नवी नव्हेच, जुनी, कुणीतरी वापरून टाकलेली. बाळाबाईला त्याचंही काही वाटलं नाही. ती स्वतः कुठं नवी होती?

इथवर सगळं सुरळीत होतं. मग बाप्यांनी काम हातात घेतलं.

थोरला धनाजी म्हणाला, गेनबातात्याला घेतल्याशिवाय कसं जायचं? गेनबा म्हणजे बाळाबाईचा धाकटा दीर. बैल पारखण्यात या खोऱ्यात त्याचा हात धरणारा कुणी झाला नाही, असं सगळ्या खोऱ्याने ऐकलं होतं, बहुतेक वेळा गेनबाच्याच तोंडून. आता बैल राहिले नाहीत. गोठ्यात ट्रॅक्टर उभे राहतात. पण रिवाज काही सुटला नाही. वाडीत पायाचं किंवा चाकाचं काही यायचं, तर गेनबाने त्यावर हात फिरवल्याशिवाय यायचं नाही. ट्रॅक्टर घेताना त्याने बॉनेटवर थाप मारली होती, मोटारसायकलीला सीटखाली चाचपलं होतं. धनाजीच्या बायकोच्या, नूतनच्या माहेरून फ्रीज आला तेव्हाही हा टोपी सारखी करत हजर, आणि दार उघडून आत वाकून बघितल्यावर म्हणतो कसा, "पोट मोठं हाय. खाणार."

"बोटीला ना पाय ना चाक," बाळाबाई म्हणाली. "भावजी काय बगणार त्यात?"

"आये, तात्याला सोडून घ्यायची? लोक काय म्हणतील?" धनाजी म्हणाला.

लोक! वाडीतली निम्मी घरं कुलूप लावून पुण्याला गेलेली, राहिलेल्यांना दिवसाढवळ्या दिसत नाही, आणि याला लोकांची काळजी.

धाकटा बंडू वरव्याजवळच्या एका कंपनीत कामाला होता. कंपनीत जाऊन तो काय शिकला कोण जाणे, पण मोबाईलवर बोट फिरवत बोलायला शिकला होता. त्याच्या डोक्यात भलतंच चक्र सुरू झालं. बोट आलीच आहे तर रविवारी पुण्याची माणसं बसवू, फेरी मारू, वर चहा-भजी देऊ. आईला पल्याड सोडणं काय, ते होऊन जाईल येताजाता. असं म्हणाला तो. येताजाता! ज्या बाईची शेरडं विकली, ती यांच्या भज्यांच्या मधल्या वेळात पल्याड जाणार होती.

पहिली बोट बंडूने मोबाईलवर शोधली. शिवऱ्याला, हायवेवरच्या एका ढाब्याच्या मागं. बाळाबाईही हट्टाने गेली, धनाजीच्या गाडीत पुढच्या सीटवर गुडघा धरून. बोट कुठं होती? मागच्या अंगणात चार टायरांवर ठेवलेली. तीत बाकं ठोकलेली आणि गिऱ्हाइकं आत बसून मिसळ खात होती. एका कोपऱ्यात पोरगं पाव चघळत होतं. मालक मोठ्या अभिमानाने म्हणाला, लोक फोटो काढायला येतात.

गेनबाने बोटीला एक फेरी घातली. थाप मारली, कान लावला, मागं सरकून डोळे बारीक केले. "अंगकाठी झ्याक हाय," तो म्हणाला. "उमद्या जातीची."

"इंजिन कुठं हाय?" बाळाबाईने विचारलं.

"इंजिन तुमी घालायचं," मालक म्हणाला.

"आन् हे तळाला भोक कशाचं?"

"ते धुतल्यावर पाणी जायला पाडलंय."

बंडूने तेवढ्यातही बोटीपुढे उभं राहून फोटो काढून घेतला. बाळाबाईने मिसळ खाल्ली, ती बरी होती, आणि त्या दिवसात तेवढंच काय ते बरं झालं.

दुसरी बोट वेल्हे तालुक्यात, गुंजवणीच्या पाण्यावर. तिथं भिमा नावाचा माणूस मासेमारी करायचा. त्याने मोठी बोट घेतली होती म्हणून लहान विकायला काढली होती. ती बघितल्याबरोबर बंडूचं तोंड उतरलं. रुंद, बुटकी, तळ परातीसारखा सपाट. रंग कधीकाळी निळा असावा. आत बसायला दोन फळ्या, मागं लहानशी मोटर, आणि सगळ्याला माशांचा वास.

बाळाबाईने मात्र पदर खोचला. काठावर हात टेकला आणि कुणी काही बोलायच्या आत पाय आत टाकला. काठ तिच्या गुडघ्याच्याही खाली होता. दुसरा पाय आपोआप मागोमाग आला. बोट जराशी हलली आणि शहाण्या म्हशीसारखी उभी राहिली. बाळाबाई फळीवर बसली. गेल्या कित्येक महिन्यांत ती कशातही कुणाचा हात न धरता चढली नव्हती, एसटीत नाही, गाडीत नाही, घरच्या ओट्यावरसुद्धा नाही. तिला इतका आनंद झाला की तो लपवायला तिने भिमावर खेकसून घेतलं, "बगतोस काय? चालू कर की."

भिमाने एक वळसा घालून आणला. परत येताना त्याने मोटर वर उचलली आणि बोट सरळ काठाच्या मुरमावर सरकत आली, अगदी आत. बाळाबाई उतरली तेव्हा तिच्या चपलासुद्धा भिजल्या नव्हत्या.

"हीच," ती म्हणाली. "बास. हीच घ्या."

पण गेनबाचं अजून व्हायचं होतं ना! तो बोटीच्या मागल्या अंगाला उकिडवा बसला होता. बोटाने काहीतरी चाचपत होता आणि तोंड असं केलं होतं, जणू घरात कुणाचं प्रेत ठेवलंय.

"वैनी, हिला भोवरा हाय," तो म्हणाला.

सगळे वाकून बघायला लागले. मागं डाव्या बाजूला ताटलीएवढं गोल ठिगळ होतं, त्यावरचा लेप फिरवून फिरवून लावलेला.

"तात्या, तितं खडक लागला हुता," भिमा म्हणाला. "म्याच मारलंय ठिगाळ. त्येच्यानंतर आत थेंब आला न्हाई."

"ठिगाळ आसंल. पर गोल हाय. आन् मागल्या अंगाला, डाव्या कुशीला." गेनबा उठून हात झटकत म्हणाला. "बैलाच्या अंगावर हितं केसांचा भोवरा आसला तर त्यो बैल फुकटबी न्हाई घ्यायचा. घरचा धनी खातो त्यो."

"घरचा धनी कवाच गेला की," बाळाबाई म्हणाली. "आता कुणाला खाणार?"

भिमा हसला. पण धनाजी हसला नाही. नवरा गेल्यापासून घरचा धनी तोच होता, आणि एरवी ही गोष्ट त्याच्या कधी ध्यानात येत नसे; बी-खताच्या वेळी तर मुळीच नाही. आता मात्र नेमकी आली. त्याने छातीवर हात ठेवला, जणू भोवऱ्याने खायला सुरुवातच केली होती.

"भावजी, ती बोट हाय," बाळाबाईचा आवाज चढला. "तिला कातडं न्हाई, केस न्हाईत, भोवरा कुठनं येतोय? टोपीखाली डोस्कं हाय का निस्ती टोपीच ठिवलीय?"

"म्या सांगायचं काम केलं, वैनी. पुढं तुमचं नशीब. उद्या धनाजीला काय झालं तर गेनबानं सांगितलं न्हवतं म्हनू नगा."

आणि इथं बाळाबाईचं तोंड बंद झालं. भोवऱ्यावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. पण धनाजी तिचा लेक होता. उद्या त्याला साधं पडसं झालं तरी सगळी वाडी तिच्याकडे बोट दाखवणार, बहिणीच्या तोंडासाठी लेकाच्या जिवावर उठली म्हणून. गेनबाला हे बरोबर माहीत होतं. असली माणसं बैल पारखत नाहीत, माणसांचं दुखणं तेवढं पारखतात.

"आये, आजून एक बगू," बंडू म्हणाला. "न्हाई पटली तर हीच घेऊ."

तिसरी बोट पानशेतच्या अंगाला, एका बंद पडलेल्या रिसॉर्टच्या आवारात होती. आणि ती बघून तिन्ही बाप्यांचं एकदम एकमत झालं. तिथंच समजायचं, की काहीतरी वाईट घडणार. लालभडक रंग, टोकदार तोंड, आत गुबगुबीत गाद्या. स्टिअरिंग होतं. गाणी वाजायची सोय होती. हॉर्न तर असा, की पलीकडच्या झाडावरचे बगळे उडाले. मुंडावळ्या बांधल्या असत्या तर सरळ मांडवातच उभी राहिली असती.

"छाती बगा," गेनबा म्हणाला. "हे जनावर म्हणायचं." मग त्याने सगळीकडे हात फिरवला, वाकून, झोपून, खालून, वरून. आणि कुठंही भोवरा नाही म्हणून पसंती दिली. भोवरा कसा असेल? ती बोट पाण्यात किती गेली होती कोण जाणे, खडक लागायचा प्रश्नच नव्हता.

"चढायचं कसं ह्यात?" बाळाबाईने विचारलं. बोटीचा काठ तिच्या छातीला लागत होता.

"शिडी आहे ना मावशी, धक्क्याला," मॅनेजर म्हणाला. मॅनेजर पुण्याचा, पांढऱ्या बुटातला.

"आमच्याकडं धक्का न्हाई."

"आये, पायरी करू आपण," बंडू म्हणाला.

"पल्याड उतरायचं कसं?"

"तितंबी करू."

"आन् खाली येवढं पोट हाय तिला. पल्याड काठापर्यंत जाईल का? तितं पाण्याखाली खाचरांचे बांध हाईत, ठावं हाय न्हवं?"

"करू गं काहीतरी," धनाजी म्हणाला. "तू जरा बस. आयेला चहा सांगा हो."

तिला एका प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि हातात चहा दिला. चहा पाणचट होता. तिथून तिने बघितलं, की गेनबाने खांद्यावरचा टॉवेल काढला आणि मॅनेजरच्या हातावर टाकून खालून त्याची बोटं दाबायला सुरुवात केली. बैलबाजारात दलाल असा टॉवेलखाली बोटं धरून भाव ठरवतात, भोवतालच्यांना कळू नये म्हणून. मॅनेजरला ते कुठलं ठाऊक? त्याने किंचाळून हात ओढून घेतला आणि दोन पावलं मागं झाला. शेवटी भाव बंडूने तोंडानेच ठरवला, आणि मॅनेजर एवढा बिचकला होता की लवकर जातील म्हणून त्याने हवा तेवढा उतरवला. घरी येईपर्यंत गाडीत गेनबाच्या कर्तबगारीचंच कौतुक चाललं होतं. बाळाबाई खिडकीतून बाहेर बघत होती. तिचा गुडघा ठणकत होता, आणि एकालाही चपराक मारता येत नाही याचं तिला फार वाईट वाटत होतं.

बरं, घेतली ती घेतली, लगेच आणावी ना? तर नाही. आधी म्हणे गणपती उठू देत. गणपती उठले, तर आता पितृपंधरवडा लागला, गेनबा म्हणाला, पितरांत नवं वाहन दारात येत नाही. पितरं जेवून गेली, तर म्हणे नवरात्र, आणि नवरात्र बसलंच आहे तर दसऱ्याचाच मुहूर्त धरू, वाहनाची पूजा दसऱ्यालाच. लाल बोट पानशेतला ताडपत्रीखाली झोपून राहिली. बाळाबाई रोज भांडली. सकाळी धनाजीशी, दुपारी नूतनशी, बिचारीचा काही दोष नसताना, आणि संध्याकाळी फोनवर बंडूशी. "तिची नजर काय तुमच्या पंचांगाकडं बगून थांबलीय?" असं तिने विचारलं. त्यावर गेनबा म्हणाला, "वैनी, चार दिसानं काय हुतंय?"

बयाला फोन केला की ती मात्र म्हणायची, "सावकाश ये गं. मी काय कुठं जात न्हाई." आधी ती 'लवकर ये' म्हणायची, ते तिने सोडून दिलं होतं. बाळाबाईला वाटलं, रागावली असेल. रागवायला हक्कच होता तिचा.

दसऱ्याला टेम्पोतून बोट आली. सगळी वाडी जमली, म्हणजे जी काय उरली होती ती. धरण काठोकाठ भरलेलं. बोटीला झेंडूचे हार घातले, हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. पहिलं पाऊल सवाष्णीचं पाहिजे म्हणून नूतनला चढवलं. ती लाजत, घाबरत, नवऱ्याच्या खांद्यावर हात टाकून कशीबशी चढली. दुसरा चढला गेनबा, कुणी न सांगता, आणि पुढच्या गादीवर टोपी सारखी करून बसला. ज्या बाईची शेरडं गेली होती, ती काठावर उभी होती, कारण विधवेने आधी चढू नये. आणि मागून तरी चढायचं कसं? पायरी करायची राहिलीच होती.

मग धनाजीने आणि बंडूने तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि खुर्चीसकट उचललं. पोरं मोबाईलवर चित्रीकरण करत होती. बाळाबाई हवेत लोंबकळत, एका हाताने पदर आणि दुसऱ्या हाताने खुर्ची धरून, तोंडाला येईल ते बोलत होती. तिला आत उतरवलं तेव्हा नूतन हळूच म्हणाली, "आत्या, म्या ह्यांना सांगितलं हुतं, ती निळीच बरी म्हणून." बाळाबाईने तिच्याकडे बघितलं. घरात शहाणं माणूस होतं तर, आणि त्यालाही कुणी विचारलं नव्हतं.

बंडूने बोट सुरू केली. गाणं लावलं, हॉर्न मारला. बोट झकास पळाली, ते कबूल करायला हवं. पल्याडची चार घरं जवळ जवळ यायला लागली, दारातली तुळस दिसली, काठावर उभी असलेली माणसं दिसली. बया होती. शेजारी माउली तिचा हात धरून उभा होता. बाळाबाईने हात वर केला. माउली बयाच्या कानात काहीतरी बोलला आणि बयानेही हात वर केला. दिसलं तिला! बाळाबाईला एवढं बरं वाटलं, की एका क्षणासाठी तिने गेनबालासुद्धा माफ करून टाकलं.

तेवढ्यात खालून करकचून आवाज आला. बोट जागच्या जागी थांबली आणि गेनबा गादीवरून पुढे आपटला. पोट बांधावर चढलं होतं. पाणी उतरलं की या काठाला लोक खाचरं पेरतात, आणि पाणी चढलं की खाचरांचे दगडी बांध पाण्याखाली जातात, हे इथल्या शेंबड्या पोराला ठाऊक असतं. बंडूने मागं घेऊन बघितलं, पुढं घेऊन बघितलं. बोटीने नुसता धूर सोडला.

समोर काठ. मधे दोन खाचरांचं पाणी आणि त्याखाली गाळ.

"आता गं आये?" बंडू म्हणाला.

"आता काय? करा की काहीतरी! तुमी करणार हुता न्हवं!"

"वैनी, आसं करू," गेनबा कपाळ चोळत म्हणाला. "हितनंच बोला. आवाज जातोय. तोंडबी दिसतंय की चांगलं."

बाळाबाई त्याला उत्तर द्यायला थांबली नाही. ती बोटीच्या काठावर पालथी पडली आणि दुखरा पाय बाहेर टाकला. धनाजी "आये, आये" करत उडी मारून खाली उतरला नसता तर ती तोंडावरच पडली असती. तो मांडीइतक्या गाळात रुतला, दसऱ्याची नवी पँट घालून. त्याने तिला पाठुंगळी घेतलं. दोनदा तो अडखळला आणि दोनदा दोघंही चिखलात बसली. तिचं लुगडं, हात, गाल, सगळं लडबडलं. पण ती पोचली. काठाच्या गवतावर पाय टेकला, धनाजीचा हात झटकला आणि लंगडत बयासमोर जाऊन उभी राहिली.

"बये, आले गं."

बयाने आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं. अगदी बरोबर वळवलं. डोळेही उघडे होते. फक्त ते बाळाबाईच्या कानाशेजारून पलीकडे कुठंतरी बघत होते.

"आक्के," बया म्हणाली आणि हात पुढे करून चाचपायला लागली. खांदा सापडला, मग मान, मग तोंड. "चिखल लागलाय गं गालाला. पडलीस का? किती वाळलीस."

बाळाबाईने माउलीकडे बघितलं.

"घट बसले त्या आठवड्यात गेली, मावशी," माउली खाली बघत म्हणाला. "तिनंच सांगू दिलं न्हाई. म्हणाली, आक्काला कळलं तर तसला गुडघा घेऊन ती खिंड चढाया लागंल."

बया पदराने बहिणीच्या गालावरचा चिखल पुसत होती, हळूहळू, बोटांनी हुडकत. बाळाबाईच्या जिभेवर आयुष्यभराच्या शिव्या होत्या, त्यातली एकही बाहेर येईना. घट बसले त्या आठवड्यात. भिमाची बोट तर गणपतीच्या आधीच बघितली होती. तेव्हा आणली असती तर तेव्हाच बांधांवरून सरकत इथं काठाला लागली असती, आणि बयाने हे तोंड बघितलं असतं. बाळाबाई मोठ्याने रडली, पोरीसारखी, सगळ्यांच्या देखत.

बोटीतलं गाणं कुणीतरी बंद केलं. मग गेनबाचा आवाज आला, पाण्यावरून खणखणीत.

"वैनी, झाली का गाठ? दिसली का बहीन?"

बाळाबाई वळली. पदराने नाक पुसलं.

"मला दिसली, भावजी," ती ओरडून म्हणाली. "तिला मी न्हाई दिसले. तुमचा दसरा येईस्तवर तिची नजर थांबली न्हाई."

बोटीत गेनबा टोपी सारखी करायला लागला. धनाजी काठाशी गाळातच उभा होता.

"तू जा," बाळाबाई त्याला म्हणाली. "मी हितंच ऱ्हाणार." आणि बयाचा हात धरून ती घराकडे चालायला लागली.